न थांबणारी जुळणी: मॅचिंग थिअरी वायरलेस नेटवर्कला लावताना आलेला माझा अनुभव

‘शक्य जुळण्यांची संख्या मर्यादित आहे, म्हणून अल्गोरिदम थांबतोच.’ माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचे चार महिने या एका वाक्याने खाल्ले. रिसोर्स अ‍ॅलोकेशनवरच्या, म्हणजे नेटवर्कची साधनं फोनना वाटून देण्यावरच्या, पेपरांत, सिद्धतेच्या शेवटच्या ओळीत, हे वाक्य मला इतक्या वेळा भेटलं की मी ते तपासायचं सोडून दिलं. प्रकरण कधीच पूर्ण झालं, पण त्या ओळीवरचा राग अजून गेलेला नाही.

काम असं होतं. फोनना रिसोर्स ब्लॉक, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्याचे छोटे तुकडे, वाटून द्यायचे. कोणत्या फोनला कोणता ब्लॉक, ही झाली जुळणी. एलटीईत (४जी नेटवर्कमध्ये) एक ब्लॉक १८० किलोहर्ट्झचा, आणि १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे ५० बसतात. मॅचिंग थिअरी म्हणजे दोन गटांतल्या जोड्या लावण्याचं शास्त्र, आणि त्यातली गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांची १९६२ सालची पद्धत इथे सरळ लागू पडेल असं वाटतं: फोन आपल्या पहिल्या पसंतीच्या ब्लॉककडे मागणी करतो, ब्लॉक आलेल्यांतला सर्वांत चांगला फोन तात्पुरता धरून ठेवतो आणि बाकीच्यांना नकार देतो, नकार मिळालेला फोन यादीतल्या पुढच्या ब्लॉककडे जातो. शेवटी, हातातला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावंसं वाटेल अशी एकही जोडी उरत नाही. अशा जुळणीला स्थिर म्हणतात. हा कोड एका संध्याकाळी लिहून झाला आणि पहिल्याच रनला नीट चालला. मागणी फोनने केली तर निकाल फोनच्या बाजूने झुकतो, ब्लॉकने केली तर ब्लॉकच्या. म्हणून मागणी कोण करणार हे पहिल्याच पानावर लिहा. माझ्या पहिल्या मसुद्यात ते सातव्या पानावर होतं.

मग मी शेजारचा सेल, म्हणजे शेजारच्या टॉवरचा परिसर, जोडला आणि इथून चार महिने सुरू झाले.

शॅप्ली आणि अर्थतज्ज्ञ रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे शाळाप्रवेश आणि डॉक्टरांच्या नेमणुका अशी उदाहरणं आहेत. तिथल्या मूळ मांडणीत डॉक्टरची पसंतीची यादी एकदा ठरली की ठरली. शेजारच्या रुग्णालयात कोण रुजू झालं याने ती बदलत नाही. वायरलेसमध्ये ती बदलते. शेजारच्या सेलने तोच ब्लॉक कोणत्या फोनला दिला यावर माझ्या फोनला होणारा इंटरफिअरन्स (दुसऱ्याच्या सिग्नलचा अडथळा) ठरतो, आणि त्यावर त्या ब्लॉकची किंमत. यादी करून जुळणी लावावी तर जुळणी लागताच यादी जुनी होते.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे अदलाबदल. आधी एक जुळणी घ्यायची, मग दोन-दोन फोनचे ब्लॉक बदलून बघायचे, फायदा असेल तर बदल ठेवायचा, आणि फायद्याची एकही अदलाबदल उरली नाही की थांबायचं. माझा नियम होता: ज्या सेलमध्ये अदलाबदल होते आहे, त्या सेलची एकूण गती वाढली की ती मंजूर. प्रत्येक बेस स्टेशन (सेलचा टॉवर) आपलं आपण बघेल, केंद्राकडे काही विचारायला नको. सिम्युलेशन संध्याकाळी लावलं. सकाळी ते चालूच होतं. दुसऱ्या दिवशीही.

मी आधी कोडवर संशय घेतला. चॅनेलचं (सिग्नलच्या वाटेचं) मॉडेल दोनदा नव्याने लिहिलं, पाथ लॉस (अंतराने सिग्नल क्षीण होणं) तपासला, नॉइज (पार्श्वभूमीचा गोंगाट) तपासला. फेऱ्यांवर मर्यादा घालून आलेखही काढले, आणि ते दिसायला चांगले होते, हे सगळ्यांत वाईट. सरांनी विचारलं, “हजाराव्या फेरीला थांबवलंस, एक हजार एकाव्या फेरीला काय होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा आठवडा मी संगणक बंद ठेवून कागदावर सगळं लहान करत गेले. अखेर उरलं ते इतकं: दोन सेल, दोन ब्लॉक, चार फोन.

अपलिंक, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल, घ्या आणि नॉइज १ माना. पहिल्या सेलच्या तगड्या फोनचा सिग्नल आपल्या टॉवरवर १००, पण शेजारच्या टॉवरवर त्याचा त्रास २०. कमजोर फोनचा सिग्नल १०, त्रास १. दुसऱ्या सेलमध्ये उलट: तगड्याचा सिग्नल १००, त्रास फक्त १, आणि कमजोराचा सिग्नल १०, त्रास मात्र २०. तगड्यासमोर तगडा आणि कमजोरासमोर कमजोर एका ब्लॉकवर आले, की पहिल्या सेलची बेरीज दर हर्ट्झला सेकंदाला ६.२३ बिट आणि दुसऱ्याची ५.११. दुसरा सेल आपले फोन आपापसांत बदलतो, त्याचे ६.२३ होतात आणि पहिल्याचे ५.११. मग पहिला बदलतो. मग दुसरा. मग पहिला. चार अदलाबदलींनंतर आपण सुरुवातीच्याच जुळणीवर उभे असतो.

शक्य जुळण्या फक्त चार, आणि तरी अल्गोरिदम थांबत नाही. संख्या मर्यादित असून भागत नाही. एकदा सोडलेल्या जुळणीकडे परत येता येणार नाही अशी हमी लागते. गेल-शॅप्लीत ती हमी आहे, कारण नकार मिळालेल्या ब्लॉककडे फोन पुन्हा जात नाही. अदलाबदलीत ती तुम्हाला वेगळी मिळवावी लागते: प्रत्येक पायरीला वाढतच जाणारी एखादी राशी दाखवावी लागते. ती राशी न दाखवता सिद्धता संपवणाऱ्या प्रत्येक लेखकाला मी हे चार फोन पाठवायला तयार आहे.

उपाय एका दुपारी सापडला. अदलाबदल तेव्हाच मंजूर, जेव्हा शेजारी धरून सगळ्यांची मिळून बेरीज वाढते. वरच्या उदाहरणात ती बेरीज दोन्ही वेळा ११.३४ आहे, म्हणून पहिलीच अदलाबदल नामंजूर होते आणि खेळ तिथेच थांबतो. किंमतही आहे: बेस स्टेशनांना एकमेकांना आकडे कळवावे लागतात. ‘पूर्णपणे विकेंद्रित’ हा शब्द मी शीर्षकातून काढला. काढताना वाईट वाटलं, पण तो खरा नव्हता.

सम-समान बेरजांमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी पूर्ण बेरीज न करता फक्त फरक मोजत होते, आणि जिथे फरक शून्य असायला हवा तिथे दशांशातल्या पंधराव्या-सोळाव्या स्थानावर काहीतरी उरायचं. कोड त्याला फायदा समजायचा. एक अब्जांशाहून मोठा फायदा असेल तरच अदलाबदल, अशी अट घातली आणि उरलेले रनही संपले.

हे आधी सांगायला हवं होतं: फोन जी चॅनेल गुणवत्ता कळवतो ती ० ते १५ अशा १६ पायऱ्यांत असते, त्यामुळे पसंतीत बरोबरी सतत होते. बरोबरी सोडवायला यादृच्छिक आकडा वापरा, पण त्याचं बीज (ज्या आकड्यापासून असे यादृच्छिक आकडे तयार होतात तो) नोंदवून ठेवा. नाहीतर आजची जुळणी उद्या मिळत नाही. दुसरं, लहान उदाहरणावर स्थिरता वेगळ्या कोडने, सगळ्या जुळण्या तपासून बघा. दहा फोन आणि दहा ब्लॉक म्हणजे ३६,२८,८०० जुळण्या, तेवढं संगणक करतो. आणि अदलाबदलीत रिकाम्या जागेलाही फोनसारखंच धरा, नाहीतर शेजारचा ब्लॉक मोकळा असूनही फोन जिथे आहे तिथेच अडकून राहतो. माझ्या एका आलेखात दोन फोन तसेच अडकले होते. ते मला नाही, परीक्षकांना दिसले.