मायक्रोअँपिअर वाचवताना मायक्रोव्होल्ट सांभाळणे

बॅटरीवर चालणाऱ्या मापनाच्या सर्किटसाठी ऑप-अँप (लहान व्होल्टेज मोठं करणारी चिप) निवडायचा म्हटलं की नजर आधी डेटाशीटमधल्या सप्लाय करंटच्या ओळीवर जाते. ती ओळ बघायलाच हवी, पण तिच्या एकटीच्या भरवशावर निवड केली की गणित चुकतं. ऑप-अँप नॅनोअँपिअरवर आणला की भोवतीचे रेझिस्टर मोठे करावेसे वाटतात, वेग घटतो, आणि अचूकता नेमकी तिथून गळते. एक सर्किट आकड्यांसकट पाहू.

सप्लाय ३ व्होल्ट. लोडच्या ग्राउंडकडच्या बाजूला १० मिलिओहमचा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी त्याच्या वाटेत बसवलेला छोटा रेझिस्टर. अडीच अँपिअरपर्यंत मोजायचं आहे आणि १ मिलिअँपिअरचा फरकही कळायला हवा. १ मिलिअँपिअरला शंटवर मिळतात जेमतेम १० मायक्रोव्होल्ट. आता एमसीपी६०४१ घ्या: सप्लाय करंट फक्त ०.६ मायक्रोअँपिअर, पण ऑफसेट (इनपुटवरची ऑप-अँपची स्वतःची व्होल्टेजची चूक) ३ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. म्हणजे शंटच्या हिशेबात ३०० मिलिअँपिअरची चूक. चांगला भाग आहे, पण या कामाचा नाही. इथे झीरो-ड्रिफ्ट, म्हणजे स्वतःचा ऑफसेट सतत दुरुस्त करत राहणारा, ऑप-अँपच हवा. दोन उमेदवार: एलपीव्ही८२१ (०.६५ मायक्रोअँपिअर, गेन-बँडविड्थ, म्हणजे गेन आणि बँडविड्थचा गुणाकार, ८ किलोहर्ट्झ) आणि ओपीए३३३ (१७ मायक्रोअँपिअर, ३५० किलोहर्ट्झ). दोघांचाही ऑफसेट जास्तीत जास्त १० मायक्रोव्होल्ट.

पहिल्या नजरेला एलपीव्ही८२१ जिंकतो. पण गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा, १०१ ठेवला (फीडबॅकला १ मेगाओहम, खाली १० किलोओहम) की त्याची बँडविड्थ उरते ७९ हर्ट्झ. आउटपुट ०.१ टक्क्यात स्थिरावायला साधारण १४ मिलिसेकंद लागतात. ओपीए३३३ तेच काम ०.३ मिलिसेकंदात उरकतो. सेकंदातून एकदाच रीडिंग हवं असेल, तर ओपीए३३३ ला मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून २ मिलिसेकंद चालू करा आणि बंद करा. त्याचा सरासरी करंट ०.०३४ मायक्रोअँपिअर पडतो, सतत चालू असलेल्या एलपीव्ही८२१ च्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे ऑप-अँप निवडताना बघायचा तो सप्लाय करंट नव्हे, तर एका रीडिंगमागे खर्च होणारा चार्ज.

इथे एक कॅपॅसिटर सगळी बचत खाऊ शकतो. ऑप-अँपच्या सप्लाय पिनवरचा नेहमीचा १०० नॅनोफॅरड दर वेळी ३ व्होल्टपर्यंत भरतो आणि बंद असताना रिकामा होतो. ०.३ मायक्रोकूलॉम दर सेकंदाला, म्हणजे ०.३ मायक्रोअँपिअर. ऑप-अँपच्या स्वतःच्या खर्चाच्या नऊपट! म्हणून मोठा कॅपॅसिटर स्विचच्या अलीकडे, कायम चालू बाजूला ठेवा आणि पिनजवळ १० नॅनोफॅरड पुरतो का ते ऑसिलोस्कोपवर पाहा. एक धोका लक्षात असू द्या: सप्लाय बंद असताना इनपुटवर व्होल्टेज राहिलं, तर ते इनपुटच्या संरक्षक डायोडमधून आत शिरून ऑप-अँपला अर्धवट जागं ठेवतं. शंटवर तेवढं व्होल्टेज नसतं, पण हीच युक्ती एखाद्या सेन्सरवर वापरताना इनपुटला मालिकेत १० किलोओहम तरी हवेत.

आता रेझिस्टर. आउटपुट १ व्होल्टवर असताना १ मेगाओहमच्या फीडबॅकमधून सुमारे १ मायक्रोअँपिअर जातो, म्हणजे एलपीव्ही८२१ स्वतः खातो त्याहून जास्त. मग १० मेगाओहम आणि १०० किलोओहम का नको? कारण बायस करंट, म्हणजे ऑप-अँपच्या इनपुटमधून वाहणारा बारीकसा करंट. ओपीए३३३ चा बायस २०० पिकोअँपिअरपर्यंत असू शकतो. १० मेगाओहमवर तो २ मिलिव्होल्ट होतो, इनपुटच्या हिशेबात २० मायक्रोव्होल्ट, ऑफसेटच्या दुप्पट. १ मेगाओहमला हीच चूक २ मायक्रोव्होल्टवर राहते. माझ्या मते इथे १ मेगाओहमच्या वर जाण्यात काही हशील नाही, विशेषतः सर्किट स्विच करून चालवत असाल तर. शिवाय १० मेगाओहमच्या बोर्डवर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा उरलेला थरही समांतर रेझिस्टर होऊन बसतो.

शून्याजवळची अडचण तर हमखास विसरली जाते. रेल-टू-रेल (सप्लायच्या दोन्ही टोकांपर्यंत जातं म्हणवणारं) आउटपुट खऱ्या शून्यापर्यंत जात नाही, हलक्या लोडवरही काही मिलिव्होल्ट वरच थांबतं. समजा ५ मिलिव्होल्टवर थांबलं, तर ५ मिलिअँपिअरखालचं सगळं गायब. उपाय सोपा आहे: शंटपासून पॉझिटिव्ह इनपुटपर्यंत १ किलोओहम आणि त्याच इनपुटला ३ व्होल्टकडून ३ मेगाओहम. इनपुट १ मिलिव्होल्टने उचललं जातं, आउटपुट शून्य करंटला सुमारे १०० मिलिव्होल्टवर बसतं. हा ३ मेगाओहम स्विच केलेल्या सप्लायवरच जोडा. एडीसीचा (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचा) संदर्भ त्याच ३ व्होल्टवर असेल तर बॅटरी उतरली तरी हे प्रमाण टिकतं. लोड बंद करून शून्याचं रीडिंग एकदा साठवा आणि वजा करत जा.

बोर्डवर शंटच्या दोन्ही टोकांपासून मापनासाठी स्वतंत्र ट्रेस काढा. १० किलोओहमचं ग्राउंडचं टोकही शंटच्या पॅडवरच यायला हवं. १ मिलिमीटर रुंद, ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा ट्रेस सेंटिमीटरला सुमारे ५ मिलिओहम असतो, तुमच्या शंटच्या निम्मा! तो करंटच्या वाटेत आला तर ऑप-अँपची अचूकता निरुपयोगी. शंटच्या दोन टोकांत तापमानाचा फरक पडला तरी वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यांमुळे अंशाला काही मायक्रोव्होल्ट निर्माण होतात, म्हणून रेग्युलेटरसारखा गरम भाग एका बाजूला चिकटवू नका.

आउटपुट थेट कॅपॅसिटरला जोडलं तर रिंगिंग होतं, म्हणजे आउटपुट थरथरतं. एडीसीआधी १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड द्या. टाइम कॉन्स्टंट १० मायक्रोसेकंदच आहे, स्थिरावण्यावर विशेष परिणाम नाही. इथे १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड टाकले की ७ मिलिसेकंद थांबावं लागतं आणि मघाचा हिशेब कोसळतो.

एलपीव्ही८२१ ची जागा वेगळी आहे. करंट ठरावीक मर्यादेवर गेला की मायक्रोकंट्रोलरला उठवायचं असेल, तर कुणीतरी सतत जागं राहायला हवं, आणि त्या कामाला ०.६५ मायक्रोअँपिअर फार नाहीत. लोड झटक्यांनी करंट घेत असेल तर सेकंदातून एकदा घेतलेलं रीडिंग सरासरी सांगत नाही, तिथेही सतत चालू ऑप-अँप आणि त्याच्या आधी आरसी (रेझिस्टर-कॅपॅसिटरचा) फिल्टर हवा.

दोन ऑप-अँपचं पॅकेज घेतलंत आणि एकच वापरलात, तर दुसरा तरंगता सोडू नका. त्याचं आउटपुट निगेटिव्ह इनपुटला जोडा आणि पॉझिटिव्ह इनपुट सप्लायच्या मधल्या व्होल्टेजवर बांधा. नाहीतर तो स्वतःच्या मर्जीने डोलत राहतो आणि बॅटरीतला करंट का वाढला हे शोधण्यात वेळ जातो.