मंगळवारचे पैसे: आमची वाटचाल

प्रौढांच्या फोटो साइटचा आमचा अफिलिएट प्रोग्रॅम (दुसऱ्यांनी आमची लिंक लावायची, त्यातून सभासद आला की त्यांना कमिशन) 2009 साली सुरू झाला, तेव्हा धंद्यातले जुनेजाणते हसले होते. फुकट व्हिडिओंच्या ट्यूब साइट येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, लोकांना सगळं फुकटात मिळायला लागलं होतं, त्यात मंदी. पैसे भरून सभासद होणारं गिऱ्हाईक आता संपलं, असं म्हणत एकेक जण गाशा गुंडाळत होता. आणि आम्ही माँट्रियलला, सें-लॉराँ रस्त्यावरच्या एका बेकरीच्या माडीवर बसून लिंका वाटत होतो. अजून तिथेच आहोत. हसणाऱ्यांतले किती उरले, ते विचारू नका.

साइट मुळात माझ्या भागीदाराची. तो इथलाच, फ्रेंच बोलणारा फोटोग्राफर. न्यूड फोटोग्राफी हा त्याचा प्रांत. प्रत्येक मॉडेलचं ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि सहीचा करार तो पहिल्या दिवसापासून कपाटात ठेवत आलाय. मॉडेलच्या वयाची कागदपत्रं ठेवायला लावणाऱ्या अमेरिकेतल्या 2257 कलमाचा धाक होताच, पण कलम नसतं तरी त्याने हेच केलं असतं. 2021 च्या ऑक्टोबरात मास्टरकार्डने वयाचे आणि संमतीचे पुरावे सक्तीचे केले, तेव्हा भल्याभल्यांची तारांबळ उडाली. आम्ही कपाट उघडलं, झालं काम.

बिलिंग आणि अफिलिएट माझ्याकडे. गणपतीला इथली मराठी मंडळी जमतात तेव्हा काकू लोक विचारतात, तर मी 'पेमेंटचं सॉफ्टवेअर' असं सांगतो. खोटं नाही ते.

त्या काळी सगळे पीपीएसच्या, म्हणजे दर सेलमागे एकदाच ठरलेली रक्कम देण्याच्या, मागे होते. महिना तीस डॉलरच्या सभासदत्वावर अफिलिएटला चाळीस डॉलर रोख! म्हणजे पुढचा रीबिल (सभासदाच्या कार्डावरचं पुढच्या महिन्याचं बिल) येईल या भरवशावर जुगार. आम्ही निम्मा वाटा द्यायचं ठरवलं. सभासद टिकेल तोवर, प्रत्येक रीबिलवर. एलआयसी एजंटच्या रिन्यूअल कमिशनसारखं. नॅट्स या अफिलिएटचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतलं. आम्हाला ते झेपणारं नव्हतं, पण त्यात क्लिक, ट्रायल, रीबिल, रिफंड, चार्जबॅक (गिऱ्हाईकाने बँकेमार्फत परत ओढलेले पैसे) सगळं अफिलिएटलाही दिसतं. मधल्या मधे सेल शेव्ह केले, म्हणजे अफिलिएटचे सेल गुपचूप गाळले, असं आमच्याबद्दल कुणी म्हणू शकलेलं नाही. पैसे दर मंगळवारी. पेपालला आमचा धंदा चालत नाही, म्हणून आधी बँकेची वायर, पुढे पॅक्सम ही ऑनलाइन पेमेंट सेवा.

पहिल्या वर्षी आलेल्यांत झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचे एक गृहस्थ होते. निवृत्त माणूस, प्रौढांच्या साइटचं परीक्षण लिहायचे. आम्ही त्यांना आपापसात 'आजोबा' म्हणतो. त्यांनी आमच्याबद्दल लिहिलं ते कौतुक नव्हतंच: फोटो उत्तम, सर्च भिकार, व्हिडिओ जवळजवळ नाहीत. ते वाचून जो सभासद यायचा तो काय मिळणार हे जाणून यायचा, आणि वर्ष वर्ष राहायचा. ट्रॅफिक किती, हे मला कुणी सांगू नये. टिकतं किती ते सांगा.

याच शहरातल्या एका मोठ्या कंपनीने (नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल) आमच्या बड्या अफिलिएटना पन्नास डॉलरचं आमिष दाखवलं. बहुतेक गेले. एका ओळीची मेलसुद्धा न टाकता गेले. मोठं ट्रॅफिक दारात उभं राहावं म्हणून आम्हालाही निवडक लोकांपुरता पीपीएस ठेवावा लागला, आणि 2012 मध्ये त्याच दारातून चोर आला.

मी रोज सकाळी कॉफीच्या आधी व्यवहारांचा तक्ता वाचतो. त्या दिवशी एका नव्या अफिलिएटचे सेल एकदम चढलेले. नावं वेगवेगळी, पण कार्डांचे पहिले सहा आकडे, ज्यांवरून बँक कळते, ते तेच. (आता आठ पाहावे लागतात.) रात्रभर दर तीन-चार मिनिटांनी एक ट्रायल. आणि लॉगिन करून एकानेही एक फोटो उघडलेला नाही! चोरीची कार्डं, नुसतं कमिशन उकळायला. मी त्याचं कमिशन रोखलं आणि तक्ता प्रोसेसरला, म्हणजे कार्डाचे पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला, पाठवला.

चार्जबॅक मात्र त्या दिवशी येत नाहीत, महिना-दोन महिन्यांनी येतात. आले. शंभर व्यवहारांमागे एका चार्जबॅकची मर्यादा ओलांडली गेली. प्रोसेसरने आमचे पैसे सहा महिने राखीव म्हणून अडकवले. चोर आम्ही पकडून दिला आणि कुलूप आमच्याच गल्ल्याला. मॅच या मास्टरकार्डच्या काळ्या यादीत नाव गेलं असतं तर पाच वर्षं कुणी दारात उभं केलं नसतं. भागीदाराने हासेलब्लाड कॅमेऱ्याची एक बॉडी आणि दोन लेन्स विकल्या. आजोबांची मेल आली: माझे शेवटी द्या, आधी लहान लोकांचे द्या. एकही मंगळवार चुकला नाही. प्रोसेसरकडून आजवर साधं 'सॉरी'ही आलेलं नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

नवीन प्रोग्रॅम काढणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. 'सभासदत्व रद्द करा' हे बटण लपवू नका. रद्द करता न आलेलं गिऱ्हाईक सरळ बँकेला फोन लावतं. ईमेलचा मारा करणाऱ्या अफिलिएटला त्याच दिवशी काढा, कॅन-स्पॅम कायद्याचं लचांड तुमच्याही गळ्यात येतं. आणि नुसत्या कुकीवर (गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं याची ब्राउझरमधली खूण) विसंबू नका. 2017 मध्ये सफारी ब्राउझरने ट्रॅकिंग आवळलं, तेव्हा आजोबांचे सेल कागदावर घटले. सभासद येत होते, नोंद होत नव्हती. आम्ही सेलची नोंद ब्राउझरऐवजी थेट सर्व्हरवरून (पोस्टबॅक) घ्यायला लागलो, त्यांना वेगळं जॉइन पेज दिलं आणि मागची थकबाकीही चुकती केली.

आता वयाच्या पडताळणीचे कायदे आलेत. 2023 ला अमेरिकेतलं लुइझियाना, मग एकेक राज्य. 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेक्सासचा कायदा उचलून धरला. ओळखपत्र मागितलं की बरेच लोक दारातूनच परततात. त्याला इलाज नाही. लहान मुलं बाहेर राहत असतील तर मला ते मान्यच आहे.

ती पन्नास डॉलरवाली कंपनी बुडाली, अफिलिएटचे पैसे थकवून. तेव्हा एका ओळीची मेल न टाकता गेलेल्यांपैकी एकाने मध्यंतरी लांबलचक पत्र लिहिलं. जुनी ओळख, जुना दर मिळेल का म्हणून. मी नेहमीचाच मजकूर चिकटवला: निम्मा वाटा, पीपीएस नाही, पहिले पैसे तीस दिवसांनी, पुढे दर मंगळवारी. त्याने दोन दिवस घासाघीस केली आणि फॉर्म भरला.