१९१८ की १९१९?

नववीला बाईंनी आम्हाला जगाचा इतिहास शिकवायला सुरुवात केली ती चावडीच्या भिंतीवरच्या पाटीपासून. सातारा जिल्ह्यात अशा संगमरवरी पाट्या बऱ्याच गावांत आहेत. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यातले इतके कामी आले, एवढाच मजकूर. तोही इंग्रजीत, आणि नाव एकाचंही नाही.

बाईंनी तो वहीत उतरवून आणायला लावला आणि विचारलं, "पुस्तकात युद्ध १९१८ ला संपतं. मग पाटीवर १९१९ का?" शोधता शोधता कळलं की ११ नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबली, पण जर्मनीशी तह झाला २८ जून १९१९ ला, व्हर्सायच्या आरसेमहालात. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती तीही याच दालनात. ज्या खुनावरून युद्ध पेटलं, त्या साराजेव्होतल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनाला तहाच्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. जेत्यांनी हीच जागा का निवडली, यावर अख्खा तास रंगला. 'कारणे द्या'च्या चार ओळींत इतिहास मावत नाही, हे मला तेव्हा उमगलं.

पुढचे प्रश्न अवघड होते. पाटी कुणी लावली? वाचणार कोण होतं? तिनं काय सांगायचं टाळलं? त्यातून आम्ही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी घातलेल्या कूत गावाच्या वेढ्यापर्यंत पोचलो. त्यात अडकलेल्या ब्रिटिशांच्या हिंदी फौजेच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला फौज तुर्कांना शरण गेली. सेनापती टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर इतमामानं ठेवलं. कैदी शिपायांना वाळवंटातून पायी नेलं, त्यातले हजारो परतलेच नाहीत. टाउनशेंड यांनी पुढे आपली हकिकत छापली. "आता शिपायाची हकिकत कुठं शोधाल?" बाई म्हणाल्या. हा प्रश्न मला आजही सोडत नाही. बसऱ्याच्या १९२९ च्या स्मारकावरसुद्धा अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा दिला.

म्हणून शाळेच्या या महोत्सवी वर्षात शाळेला एक विनंती. पंचक्रोशीतल्या सगळ्या पाट्या मुलांकडून उतरवून घ्याव्यात. जुन्या घरांत पेन्शनचे कागद असतील, पदकं असतील. त्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती नावं गावागणिक एका वहीत नोंदवावीत. फोटो आणि छपाईचा खर्च मी आनंदानं उचलेन, आणि सुट्टीत मुलांबरोबर गावोगाव फिरायलाही येईन.