बाटली आहे का, ताई?

जिन्यात, लिफ्टच्या दारात, परवा तर कोळणीशी पापलेटाची घासाघीस चालू असताना मागून विचारलं गेलं. "ताई, तुमच्याकडे ते तेल असतं ना? आमच्या ब्रूनोला गोचीड झालेत." कुणाच्या मांजराला नायटा, कुणाचा कुत्रा फटाक्यांना घाबरून पलंगाखाली. मी म्हणते, नाही देत आता. मग दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "का हो? आधी तर द्यायचात." पहिल्या प्रश्नाचा मला कंटाळा येतो. दुसऱ्याला मी चार वर्षं बगल देत आले आहे. आता एकदाच लिहून टाकते.

माझा सुगंधी तेलांचा नाद सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेल्या दहा मिलीच्या तपकिरी बाटल्या मी जुन्या मिसळणाच्या डब्यात उभ्या ठेवायचे. झाकण कधीच लागायचं नाही, त्यामुळे स्वयंपाकघराला लवेंडरचा आणि फोडणीचा एकत्र वास. आणि हेही सांगते, मी कुणाकडून कधी एक पैसा घेतला नाही. मी भोंदू नव्हते. हे वाक्य मी फार वेळा म्हणते असं मुलगी म्हणते.

आमच्या कुत्र्याला, बंड्याला, गुण यायचा, हे मात्र खरं. दिवाळीत पहिली लड लागली की तो बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसायचा. मी रुमालावर लवेंडरचा एक थेंब टाकून रुमाल त्याच्यापासून हातभर लांब ठेवायचे. अर्ध्या तासात त्याचं धापणं कमी व्हायचं. बेलफास्टच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर असाच प्रयोग केला होता. लवेंडर आणि कॅमोमाइलच्या वासाने कुत्री जास्त वेळ निवांत राहिली आणि कमी भुंकली. म्हणजे मी हवेत बोलत नव्हते. आता हेही खरं, की मी खिडक्या लावून घ्यायचे, पंखा पाचवर करायचे आणि स्वतः त्याच्याशेजारी लादीवर बसायचे. त्यातलं नक्की कशाने व्हायचं ते बंड्यालाच माहीत, आणि तो आता नाही.

तर ती जुलैतली गोष्ट.

चार दिवस पाऊस खळला नव्हता. कपडे वाळत नव्हते, भिंतींना बुरशी धरली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंची मनी, तीन रंगांची, बारा वर्षांची. तिच्या मानेवर रुपयाएवढे दोन चट्टे पडले होते, केस गेलेले, कडा लाल. काकू सकाळी वर आल्या. "नायटा दिसतोय गं. तुझ्याकडे काही आहे का?"

होतं ना. टी ट्री, त्याच नावाच्या झाडाच्या पानांचं तेल. पावसाळ्यात माझ्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, त्यावर मी तेच लावते आणि मला फरक पडतो. माझ्या बोटांना चालतं ते मनीच्या मानेला का नाही चालणार? एवढाच माझा अभ्यास. गॅसवर दूध होतं. मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "दोन-दोन थेंब लावा."

"खोबरेलात कालवून" असं मी म्हणाले की नाही, हे मला आजही आठवत नाही. कधी वाटतं नक्की म्हणाले, कारण मी नेहमीच म्हणायचे. कधी डोळ्यांसमोर फक्त उतू जाणारं दूध येतं.

संध्याकाळी सातला काकूंचा फोन. "मनी प्यायल्यासारखी चालतेय."

दारातच वास आला. निलगिरीसारखा उग्र वास, अख्ख्या खोलीभर. मनी मोरीच्या उंबऱ्याशी होती. पुढचे पाय टाकत होती, मागचे फरफटत येत होते. हनुवटीखालची लव लाळेने चिकटलेली. अंगाला बारीक थरथर, आणि कान हाताला गार लागले. तेल मानेवर होतं, पण मांजर ते मानेवर राहू देत नाही. पंजाने पुसतं, पंजा चाटतं.

आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून भाजीच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवलं, वर दुसरी टोपली उपडी घालून ओढणीने बांधली. हिंदमाताला पाणी भरलं होतं म्हणून टॅक्सीवाल्याने प्रभादेवीवरून घेतली. काकू वाटभर टोपलीच्या भोकातून एक बोट आत घालून बसल्या होत्या.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काही खाल्लंय का? अंगाला काही लावलंत?"

काकू म्हणाल्या, "नाही हो. घरचंच थोडं तेल."

मी गप्प बसले. थर्मामीटर लावला, बाहेर निघाला, सत्त्याण्णव दाखवला, तोवर मी गप्प होते. मांजराचं शंभरच्या वर हवं, हे मला माहीत होतं. दोनेक मिनिटं असतील. मग मॅडम मनीच्या मानेपाशी वाकल्या आणि वर बघून म्हणाल्या, "कसलं तेल?" तेव्हा मी सांगितलं.

त्या काही बोलल्या नाहीत. कोमट पाणी मागवलं आणि भांडी घासायचं लिक्विड. चिकट तेल त्यानेच सुटतं म्हणाल्या. उलटी करवायची नाही, ते फुप्फुसात जाऊ शकतं. याला उतारा असा नसतो. धुवायचं, ऊब द्यायची, सलाइन लावायचं, वाट बघायची. ओली झाल्यावर मनी इतकी लहान दिसत होती की काकूंनी तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

रक्ताचा रिपोर्ट आला त्यात क्रिएटिनिन वाढलेलं होतं. किडन्या बऱ्याच दिवसांपासून थकलेल्या. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "फक्त तेलानेच गेली असं मी म्हणणार नाही. तेल नसतं तर राहिली असती, असंही म्हणणार नाही." काकूंनी यातल्या फक्त किडन्या धरल्या. सगळ्यांना तेच सांगितलं, वय झालं होतं, किडन्या गेल्या. मी त्यांना एकदाही अडवलं नाही.

नंतर मी वाचलं. आपलं यकृत अशा तेलांमधली द्रव्यं ज्या एका वाटेने निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरात जवळजवळ बंद असते. पाचशेची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तीही याच उणिवेपायी. टी ट्री, निलगिरी, पेपरमिंट, दालचिनी, लवंग, संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल, कुठलंच मांजराच्या अंगावर नको. टी ट्रीने कुत्र्यांनाही लुळेपणा आणि थरथर येते. हे सगळं तेव्हाही छापलेलं होतं. मी वाचत होते ती पुस्तकं तेलं विकणाऱ्यांची होती.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, अगं, पण तेल शुद्ध होतं, भेसळीचं नव्हतं. हो बाई, शुद्ध होतं, म्हणूनच जहाल होतं. ती म्हणते, नैसर्गिक होतं. बिब्बाही झाडालाच लागतो, आणि अंगावर उतला की काय होतं ते कोकणात कुणालाही विचार. ती म्हणते, आजी गोठ्यात कडुनिंबाचा धूर करायची. करायची. पण पाल्याचा धूर वेगळा, आणि ढीगभर पाला उकळून त्याची वाफ दहा मिलीत कोंडलेली वेगळी. शिवाय गोठ्याला भिंत दीडच होती. "हवेत तेलाची वाफ सोडणारा डिफ्यूझर लावा, पण प्राण्याला खोलीबाहेर जाता येऊ द्या," असं लिहितात. आमच्या माहीमच्या वन रूम किचनमध्ये, पावसाने खिडक्या बंद असताना, मांजराने जायचं कुठे? वाफेचे कण केसांवर बसतात आणि मग तेच चाटलं जातं.

इथवर मी त्या बाईला गप्प करते. मग ती म्हणते, आणि बंड्या? तिथे माझ्याकडे उत्तर नाही. आज तो असता तर दिवाळीत मी रुमाल काढला असता. एक थेंब, हातभर लांब, दार उघडं. लवेंडरची बाटली अजून कपाटात आहे. बाकीच्या टाकल्या.

टी ट्रीची बाटली काकूंनी महिन्याभराने परत केली होती. आतून विसळलेली, लेबल निघालेलं, आणि सोबत वाटीभर लिंबाचं लोणचं, कारण रिकामं काही परत द्यायचं नसतं.

गेल्या महिन्यात बी विंगमधला एक मुलगा आला. बुटांच्या खोक्यात तांबूस पिल्लू, कानामागे चट्टा. मी डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, पिल्लाला काहीच लावू नकोस म्हटलं. त्याचा चेहरा पडला.

"पण काकूंनी तुमच्याकडेच पाठवलंय," तो म्हणाला. "म्हणाल्या, मनीच्या वेळी ताईंनी खूप केलं."