सव्वा किलोची सोबत

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, डोंगरात निघालेल्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा स्प्रे घेतलास का, आणि बंदूक कुठली? पहिल्याचं उत्तर 'हो' एवढंच असतं. दुसऱ्यावर इथली मंडळी अख्खी संध्याकाळ घालवतात.

जमाना सेमी-ऑटो पिस्तुलांचा आहे. तरी दुकानात काचेखाली सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर दिसलं की मी तिथून हलत नाही. १८७३ च्या कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीचं ते वळण! रुगर कंपनीने १९५५ साली ब्लॅकहॉक नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा आतल्या स्प्रिंगा बदलल्या, पण तो घाट ठेवला. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप. भरताना बाजूची झडप उघडून, सिलिंडर फिरवत एकेक काडतूस आत सरकवायचं. रिकामी टरफलंही नळीखालची दांडी ढकलून एकेकच बाहेर काढायची. दुपारी ओसरीवर वाटाणे सोलत बसावं, तसा हा कारभार.

अस्वलाला मात्र दुपार, ओसरी काही ठाऊक नसतं. ग्रिझली, म्हणजे इथलं तपकिरी अस्वल, ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. तेवढ्या वेळात नीट नेम धरून एक गोळी सुटली तरी नशीब. अलास्कातल्या जुन्या नोंदी चाळून संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की तपकिरी अस्वलांना स्प्रेने दहापैकी नऊ वेळा आवरलं. म्हणून स्प्रे हाताशी, पट्ट्यावर. बाकी सगळी हौस, आणि हौसेला मोल असतं ते खांद्यांनी चुकवायचं.

लोक भांडतात ते कॅलिबरवरून, म्हणजे काडतूस कुठल्या मापाचं यावरून. .४४ मॅग्नम की .४५ कोल्ट? माझ्या मते निवड होते ती चढावर. रुगरचंच साडेसात इंची नळीचं .४४ मॅग्नम, सुपर ब्लॅकहॉक, रिकामंच १.३६ किलो भरतं. शिवाय ते कमरेला लावावं, तर नेमका तिथेच सॅकचा पट्टा येतो. म्हणून जाणते लोक ते छातीवरच्या म्यानात बांधतात आणि नळी आखूड घेतात. सरावाला .४४ स्पेशल हे सौम्य काडतूस चालतं, तेच रिव्हॉल्व्हर पण मनगटाला दया.

जुनं रुगर घेत असाल तर फ्रेमच्या बाजूला बघा. तीन स्क्रू दिसले आणि आतलं काम बदललेलं नसेल, तर सहाऐवजी पाचच काडतुसं भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. नाहीतर दगडावर आपटलं की गोळी सुटायची भीती. १९७३ नंतरच्या बनावटीत चाप ओढल्याशिवाय घोड्याचा घाव काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी आली, सहाही भरता येतात.

कायद्याचीही एक गंमत आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात २०१० पासून बंदूक जवळ बाळगता येते, झाडता मात्र येत नाही. आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या पोरांनी, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद सोडला तर, काचेला नाक लावून बघण्यावरच भागवावं.

मी आखूड नळीचं .४४ पसंत केलंय. बायको म्हणते, तेवढ्या वजनात स्टोव्ह, चहा-साखर आणि दोन वेळची खिचडी मावते. मावते खरी. म्हणून तर स्टोव्ह तिच्या सॅकमध्ये असतो.