हे वाक्य माझं की उसनं?

प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहायला घेतलं आणि पहिल्याच परिच्छेदापाशी अडकले. वाक्यं सुरेख होती. इतकी, की ती माझी असतील यावर माझाच विश्वास बसेना.

दोन वर्षं सगळी टिपणं मी लॅपटॉपवर काढली. लेख उघडायचा, उतारा कॉपी करायचा, फाइलमध्ये चिकटवायचा, खाली स्वतःचं काहीतरी खरडायचं. अवतरणचिन्हं? नंतर घालू! फाइल १४० पानांवर गेली आणि उसनं कुठं संपतं, माझं कुठं सुरू होतं, काही कळेना. मग एकेक संशयित वाक्य अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधत बसले. तीन आठवडे त्यात गेले. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांतून टाइप केलेली वाक्यं तर अशी सापडलीच नाहीत. ती पुस्तकं पुन्हा चाळावी लागली.

म्युलर आणि ओपनहायमर या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जास्त जसेच्या तसे उतरवताना दिसले होते. (हातानं लिहिल्यानं विषय जास्त समजतो, हा त्यांचा दुसरा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत तितका ठाम राहिला नाही.) मी तर उतरवतही नव्हते, नुसतं चिकटवत होते.

शेवटी कार्डं आणली. एका कार्डावर एक मुद्दा, कोपऱ्यात पान क्रमांक, लेखकाचे शब्द लाल शाईत, माझे निळ्या. लाल शाईत अख्खा उतारा लिहायला लागलं की तिसऱ्या ओळीला बोटं दुखतात आणि आपसूक मनात येतं, यातलं मला नेमकं हवंय काय? बहुतेकदा अर्धं वाक्य पुरायचं.

कागदाचंही कौतुक फार नको. घाईत काढलेले माझे १ आणि ९ सारखेच दिसतात. एका संदर्भासाठी पान १११, ११९, १९१ आणि १९९ अशी चारही पानं पाहिली. कच्चा खर्डा हातानं लिहून पाहिला, तर परिच्छेद वरखाली नेणाऱ्या बाणांनी पानाचं जाळं झालं. त्यामुळे खर्डा लॅपटॉपवरच, फक्त प्रत्येक वाक्यापुढे कार्डाचा नंबर.

त्या सुरेख परिच्छेदातल्या पाच वाक्यांपैकी चार दुसऱ्यांची निघाली. पाचवं, जरा अडखळणारं, माझं होतं. प्रकरण आता त्याच वाक्यानं सुरू होतं.