आमची वाटचाल : भोसरीतलं गॅरेज आणि घरच्या वापराच्या वेगवान गाड्या

आमचं गॅरेज भोसरी एमआयडीसीत आहे. आम्ही एकाच जातीच्या गाड्या घेतो. चार दारांच्या, घरच्यांना घेऊन लग्नाकार्याला जाता येईल अशा, पण बॉनेटखाली स्पोर्ट्स कारचं इंजिन असलेल्या. म्हणजे बीएमडब्ल्यूची एम५, मर्सिडीजच्या एएमजी, ऑडीच्या आरएस आणि बेताचं बजेट असणाऱ्यांची श्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. सेडान (मागे वेगळी डिकी असलेली) असो की इस्टेट (छप्पर थेट मागपर्यंत लांब नेलेली), दोन्ही चालतात. एसयूव्ही घेत नाही. आधी गाडी उंच करायची, मग तिला पळवायचं आणि मग तो उंचपणा लपवायला महागडं सस्पेन्शन लावायचं, ही कसरत आमच्या डोक्यात शिरत नाही. शिवाय शेडमध्ये जागाही नाही.

गॅरेज बाबांनी सुरू केलं. ते टाटांच्या टेल्कोत, पिंपरीला, ट्रकच्या गिअरबॉक्सच्या विभागात होते. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी पुण्यात स्थापन झाली आणि १९९५ पासून डब्ल्यू१२४ ही ई-क्लास टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारात जोडली जाऊ लागली. ई२२० पेट्रोल आणि ई२५० डिझेल. बाबांचा त्या लाइनशी कामाचा संबंध नव्हता, पण जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून तिकडे डोकावणाऱ्यांत ते होते. दाराच्या बिजागऱ्या, मागच्या सस्पेन्शनचे पाच-पाच आर्म, सगळं बघून ते घरी येऊन वहीत काढायचे. पुढे व्हीआरएस घेतली तेव्हा त्याच गाड्या सेकंडहँड बाजारात उतरायला लागल्या होत्या, आणि कंपनीबाहेर त्यांना हात लावायला शहरात फारसं कुणी तयार नव्हतं. धंदा तिथून सुरू झाला.

त्या ई-क्लासची एक थोरली बहीण जर्मनीत होती, ५००ई. पुण्यात आम्हाला ती कधी दिसली नाही, पण बाबांच्या बोलण्यात रोज असायची. १९९० मध्ये आलेली, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन (इंग्रजी व्हीच्या आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर), ३२६ हॉर्सपॉवर. चाकांवरचे पत्रे फुगवल्यामुळे ती मर्सिडीजच्या स्वतःच्या लाइनवर नीट बसेना, म्हणून जोडणीचं काम पोर्शेला दिलं. गाडी पोर्शेचा झुफनहाउझेन आणि मर्सिडीजचा झिंडेलफिंगेन या दोन कारखान्यांमध्ये ये-जा करत तयार व्हायची. पोर्शेला तेव्हा कामाची गरज होती, मर्सिडीजला जागेची. बाबांना मात्र त्यात वेगळंच आवडायचं. इंजिन मोठं घातलं तेव्हा ब्रेक एसएल या स्पोर्ट्स मॉडेलवरून आणले, गाडी खाली बसवली, आणि बाहेरून फरक ओळखायला जाणकारच लागला. आतल्या चार माणसांची सोय जराही कमी केली नाही. ‘हे इंजिनचं काम नाही, हे हिशेबाचं काम आहे,’ असं ते म्हणायचे.

तोच हिशेब पोर्शेच्या त्याच इमारतीत पुन्हा मांडला गेला, यावेळी ऑडीसाठी. १९९४ ची आरएस२ अव्हांट. मूळ गाडी ऑडी ८० ची इस्टेट, म्हणजे मुलं, सामान आणि कुत्रा न्यायची गाडी. तिच्यात २.२ लिटरचं पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), ३१५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, आणि ब्रेक, चाकं, आरसे पोर्शेचे. आज रस्त्यावर जी आरएस६ दिसते तिचं कूळ इथून सुरू होतं. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत ८५० इस्टेट उतरवली होती. लोक हसले, पण मागचं लांब छप्पर घेऊन ती शर्यतीत धावली हे सगळ्यांनी पाहिलं.

बीएमडब्ल्यू या वाटेवर आधीच होती. पहिली एम५ ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आली, साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २८६ हॉर्सपॉवर, वजन साधारण १.४ टन. हे वजन लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या गाड्यांचा ओघ पुण्यात कसा आला? आधी आल्या साध्या जर्मन सेडान. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि बऱ्याच जणांना कळलं की आपल्या गाडीत सहावा गिअरही आहे. मग आयटी आली, बांधकामवाले आले, परदेशातून परतलेले इंजिनिअर आले. हे शेवटचे गिऱ्हाईक आमचे लाडके. जर्मनीत नोकरी करून आलेला माणूस ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, इस्टेट चालवून आलेला असतो, त्याला काही पटवून द्यावं लागत नाही.

बाकीच्यांना मात्र इस्टेट म्हटलं की अँब्युलन्स आठवते. गंमत अशी की भारतातली पहिली ठसठशीत इस्टेट पुण्याचीच, १९९२ ची टाटा इस्टेट. पुढे इंडिगो मरीना आली, श्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. यातली एकही फार चालली नाही. सेडानला मागे वेगळी डिकी दिसली पाहिजे, तिथं पैसा दिसतो, ही आपल्याकडची समजूत. सहकारनगरच्या एका डॉक्टरबाईंनी कॉम्बी घेतली तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी ‘दिवा कुठंय?’ असं विचारलं होतं. त्या बाई अजून तीच गाडी आमच्याकडे आणतात, सासरे पुढच्या सीटवर बसून येतात. २०१५ मध्ये ऑडीने आरएस६ अव्हांट भारतात आणली, तीही १ कोटी ३५ लाखांना, ५६० हॉर्सपॉवरची. तेव्हा कुठे इस्टेटकडे वळून बघणारे दिसू लागले. फार नाही, पण आमचं गॅरेज चालायला पुरतील एवढे.

आता धंद्याचं बोलतो. या गाड्यांच्या इंजिनांचे आमच्या हातून गेलेले तीन जमाने आहेत आणि प्रत्येकाने आम्हाला वेगळं काम शिकवलं.

पहिला जमाना जास्त आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला जास्त फेरे घेणाऱ्या इंजिनांचा. २००५ च्या एम५ मध्ये पाच लिटरचं व्ही-१० होतं, टर्बो नाही, ५०७ हॉर्सपॉवर, सव्वाआठ हजार आरपीएमपर्यंत फिरणारं. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप. एएमजीचं ६.२ लिटरचं व्ही-८ त्याच सुमाराचं. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला तेल लागतं ते १०डब्ल्यू-६० सारखं जाड, आणि ते गरम होईपर्यंत थांबायची सवय लागते. ती सवय पुणेकराला नाही. सकाळी गाडी सुरू झाली की पार्किंगच्या उतारावरच चार हजार आरपीएम. बेअरिंगची झीज ऐकून ओळखणं हे काम आमच्या जुन्या उस्तादांचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला. त्यांचं निदान आणि नंतर तेलाच्या नमुन्याची तपासणी, दोन्ही आम्ही करायचो. बहुतेक वेळा जुळायचं.

दुसरा जमाना टर्बोचा, आणि आमचा खरा धंदा यातच वाढला. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसं मोठ्या इंजिनाला टर्बोशिवाय पर्याय राहिला नाही. २०११ च्या एम५ ने व्ही-१० सोडून ४.४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-८ घेतलं, ५६० हॉर्सपॉवर. यातली हुशारी अशी की दोन्ही टर्बो इंजिनच्या मधल्या खाचेत, दोन रांगांच्या मध्ये बसवले. ऑडी आणि एएमजी यांच्या चार लिटरच्या व्ही-८ मध्येही तेच. एक्झॉस्टचा रस्ता आखूड होतो, त्यामुळे पाय दाबला की टर्बो लगेच जागा होतो, आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो म्हणून धूर स्वच्छ येतो. पण उष्णता नेमकी इंजिनच्या डोक्यावर बसते. ऑटोबानवर वारा असतो. बाणेरहून हिंजवडीला कोंडीतून जाताना वारा कुठून येणार? मे महिन्यात चाळीस अंशांत, दर मिनिटाला दहा फूट सरकत, ती उष्णता रबराचे होज, प्लास्टिकचे जोड, वायरिंगचं आवरण, सगळं हळूहळू भाजत राहते. पापडासारखे कडकडीत झालेले होज आमच्या टेबलावर एका ट्रेमध्ये ठेवलेले आहेत, नवीन गिऱ्हाइकाला आधी ते दाखवतो.

इथंच आमचा एक नियम जन्माला आला, आणि त्यावरून आजही वाद होतात. ‘गाडी तर फक्त वीस हजार किलोमीटर चाललीय’ हे वाक्य आम्ही ऐकतो आणि बाजूला ठेवतो. पुण्यातल्या गाडीचं वय किलोमीटरवर काढता येत नाही. इंजिन किती तास चाललं हे बघावं लागतं. काही गाड्यांच्या संगणकात तो आकडा मिळतो, नाही तर सरासरी वेगावरून हिशेब करता येतो. ताशी पंधराच्या सरासरीने वीस हजार किलोमीटर झाले असतील तर इंजिन तेराशे तासांच्या वर चाललंय. द्रुतगती मार्गावर ऐंशीच्या सरासरीने तेवढंच अंतर अडीचशे तासांत होतं. तेलबदलाची पाटी आम्ही त्या हिशेबाने लावतो. कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा लवकर असते, म्हणून सुरुवातीला लोकांना आम्ही पैसे काढतोय असं वाटायचं.

दुसरा वाद रिमॅपचा. टर्बो इंजिनात सॉफ्टवेअर बदललं की शंभरेक हॉर्सपॉवर सहज वाढतात, अर्ध्या दिवसाचं काम. आम्ही ते करतो, पण कूलिंग, ब्रेक, टायर, क्लच किंवा गिअरबॉक्सचं तेल तपासल्याशिवाय नाही. पेट्रोल कुठलं घालता तेही विचारतो. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरमध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे होतं, त्यामुळे ती सोय तरी आहे. पण रोज साधं पेट्रोल भरणाऱ्याला जास्तीचा मॅप दिला तर नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याचं ओळखणारा) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढतो आणि वाढवलेली ताकद कागदावरच राहते. हे ऐकून निघून गेलेली गिऱ्हाइकं बरीच आहेत. त्यातली काही नंतर टोइंगवरून परत आली, ती वेगळी.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जर्मन कंपन्यांनी आपसात ठरवलं की गाड्यांचा वेग ताशी २५० किलोमीटरला अडवायचा. आपल्याकडे द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा, घाटात त्याहून कमी, वर कॅमेरे. मग एवढी ताकद कशाला, हा प्रश्न घरचे विचारतात. माझं उत्तर असं की या गाड्यांचा मोठेपणा मला टॉप स्पीडमध्ये दिसत नाही. खोपोलीहून भरल्या गाडीने घाट चढताना ट्रक ओलांडायला लागणारे तीन सेकंद, आणि उतरताना ब्रेक न वितळणं, यात तो दिसतो.

तिसरा जमाना आता दारात उभा आहे. २०२४ ची एम५ प्लग-इन हायब्रिड (इंजिनासोबत विजेची मोटर आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी) झाली, ७२७ हॉर्सपॉवर, पण सेडानचंच वजन २.४ टनांच्या पुढे. पहिल्या एम५ पेक्षा एक टन जास्त. एएमजीने सी६३ मध्ये व्ही-८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मोटर बसवली, ६८० हॉर्सपॉवर काढली. आकडे वाढले, पण घाटात तो जास्तीचा टन टायर आणि ब्रेकलाच पेलायचा असतो. मला ही दिशा फारशी आवडत नाही, हे गिऱ्हाइकांनाही सांगतो. आवड-नावड वेगळी आणि धंदा वेगळा, म्हणून धाकट्या बहिणीने हाय-व्होल्टेजचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. ती इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेली, गॅरेजचा स्कॅनर आणि सॉफ्टवेअरचा सगळा भाग तीच बघते. नारिंगी केबलची, म्हणजे हाय-व्होल्टेजची, गाडी आली की आधी ती सप्लाय तोडते, ठरलेली वेळ थांबते, मीटरवर शून्य बघते, मगच बाकीच्यांना जवळ येऊ देते. उस्तादांनासुद्धा. बॅटरीचा पॅक आम्ही उघडत नाही, ते काम कंपनीकडे पाठवतो आणि बिलात तसं लिहून देतो.

हायब्रिडमध्ये एक गोष्ट मात्र आम्हाला नवी होती. हळू चालवताना गाडी मोटरनेच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कला फारसे लागतच नाहीत. पुण्याच्या पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो आणि तो घासून निघायला कुणी जोरात ब्रेकच मारत नाही. लाखांच्या डिस्क न वापरता खराब होतात. म्हणून जूनच्या आधी या गाड्यांचे कॅलिपर (पॅड धरणारा भाग) उघडून पिना साफ करून ग्रीस करतो आणि मालकांना सांगतो की आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, चांगला दाबून ब्रेक मारा. यंदाच्या पावसाळ्याआधीच्या तपासणीची नोंदणी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून घेतोय. सोमवारी गॅरेज बंद असतं.